वाघबारशीच्या आधीचा कार्यक्रम

दिवाळीच्या आठवड्यात अख्ख्या नाशकात सगळ्यात जास्त पोटं कुठे बिघडत असतील, तर आमच्या भागातल्या बालसदनात. हे मी कुठल्या पाहणीवरून सांगत नाही, तिथल्या संडासासमोरची रांग बघून सांगते. वर्षभर पातळ वरण आणि दुधीची भाजी खाणाऱ्या पोरांवर त्या चार दिवसांत सगळं गाव तुटून पडायचं. सकाळी व्यापाऱ्यांची संघटना, दुपारी भिशीच्या बायका, संध्याकाळी एखादी पतसंस्था बॅनरसकट. प्रत्येकाच्या हातात तोच पुठ्ठ्याचा डबा. चिवडा, दोन लाडू, चार चकल्या आणि फुलबाज्यांचा पुडा. पोरं प्रत्येकासमोर तेच स्वागतगीत म्हणायची. तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत पेटी वाजवणारी मुलगी डोळे मिटून वाजवायला लागायची आणि पाहुणे एकमेकांना सांगायचे, बघा, कशी तल्लीन झालीय.

मार्चमध्ये तिथला कपड्यांचा साबण संपायचा. तेव्हा गावात कुणाला दया यायची नाही. मार्चात लोक टॅक्सच्या कामात असतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते आणि पत्रकं छापत होते. आमचा पाच जणांचा गट होता. रविवार कारंजाजवळ एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमायचो आणि समाज बदलायचो. चहा खालून यायचा. गटाचा पुढारी एक दाढीवाला होता, वयाने आमच्याएवढाच, पण दाढीमुळे सिनियर वाटायचा. त्या वर्षी आम्ही बालसदनांवर पत्रक काढलं होतं. मथळा माझा: ‘दिवाळीपुरती दया नको, वर्षभराचा हक्क द्या!!!’ तिन्ही उद्गारचिन्हं माझीच. प्रेसवाला म्हणाला, एक पुरे, टाइप कमी पडतो. मी म्हटलं, अन्याय कमी आहे का? पिवळा कागद स्वस्त पडायचा म्हणून आमची सगळी क्रांती पिवळ्या कागदावर असायची.

आणि आई त्याच वेळी, त्याच बालसदनाला दिवाळी भेट देणाऱ्या महिला मंडळाची चिटणीस होती.

तेव्हा घरातलं वातावरण कसं असेल ते लक्षात घ्या. मी समोरच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालतेय आणि स्वयंपाकघरात चकल्या तळल्या जातायत. एकदा डब्यात बघते तर शंकरपाळ्यांच्या खाली माझं पत्रक.

“आई, हे काय आहे?”

“कागद.”

“ते पत्रक आहे. लोकांनी वाचायला काढलंय.”

“अगं, उरलेला गठ्ठा माळ्यावर पडला होता. लोक वाचतील तेव्हा वाचतील. तेल छान शोषतं हं तुझं पत्रक.”

मंडळाची पद्धत इतरांपेक्षा वेगळी होती, आणि आईला तिचा अभिमान होता. सरसकट डबे वाटायचे नाहीत. मंडळातल्या प्रत्येक घराने एक मूल घ्यायचं, म्हणजे दिवाळीपुरतं. गणपतीच्या सुमारास त्याचं माप आणायचं, नवा कपडा स्वतः शिवायचा किंवा शिवून घ्यायचा, आणि कार्यक्रमात आपल्या हाताने आपल्या मुलाला द्यायचा. बायका खरंच ‘आमचं मूल’ म्हणायच्या. “आमचं मूल यंदा उंच झालंय हो, पँटला कापड जास्त लागलं.” मला या शब्दाने अंगावर काटा यायचा. मी म्हणायचे, तुमचं मूल आहे तर घरी का नाही आणत? आई म्हणायची, तुला घरात ठेवून वर आणखी एक कुठे झेपायचं?

त्या वर्षी आमच्या घराच्या वाट्याला सुरगाणा आली.

सुरगाणा म्हणजे ती मुलगी. सदनात एकाच नावाच्या तीन मुली होत्या, म्हणून पोरांनीच त्यांना गावावरून हाका मारायला सुरुवात केली होती. एक सुरगाणा, एक वणी आणि एक कॅम्प. कॅम्प देवळाली कॅम्पच्या स्टेशनवर पॅसेंजरमध्ये एकटी सापडली होती, आणि ती कुठून बसली होती ते तिलाही सांगता आलं नव्हतं, म्हणून जिथे उतरवली ते तिचं गाव.

लोक त्या जागेला सर्रास अनाथाश्रम म्हणायचे. त्यातल्या निम्म्या पोरांना आईबाप होते. सुरगाणाला तर आई, बाप, थोरला भाऊ, चार शेळ्या असं सगळं होतं. भात कापून झाला की घर बंद करून आईबाप पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला यायचे, ते होळीलाच परत जायचे. एका वर्षी बाजाराच्या गर्दीत पोर हरवली, पोलिसांनी सदनात आणून सोडली. बाप शोधत पोचला तर सदनाच्या कमिटीने त्याला विचारलं, राहता कुठे? तो म्हणाला, आता बागेवर, नंतर गावाला. कमिटीने ठरवलं, मुलीच्या शिक्षणाच्या दृष्टीने तिला इथेच ठेवू, सुट्टीत घेऊन जा. म्हणजे पोर ठेवून घ्यायला काही लागत नाही, पोर परत द्यायला मात्र पक्का पत्ता लागतो. यावर मी वेगळं पत्रक काढलं होतं. तेही शंकरपाळ्यांखाली गेलं.

माप घ्यायला आईबरोबर मी गेले होते, म्हणजे आईच्या लूनावर मागे बसून, तोंड वाकडं करून. दहा-अकरा वर्षांची काटकुळी पोर. उवांमुळे सगळ्यांचे केस कापलेले, तिचेही. आईने टेप लावला.

“कुठला रंग आवडतो गं?”

“पिवळा.”

आई खूश झाली. सगळ्या मुली गुलाबी मागायच्या आणि मेनरोडवर गुलाबी साटिन संपून जायचं.

“झालर लावू का?”

“नाय. खिसा लाव. मोठा.”

“फ्रॉकला खिसा? कशाला?”

“लागतो.”

मग तिने स्वतःच सगळं सांगितलं. वसुबारस म्हणतो आपण, त्याच दिवशी त्यांच्याकडे वाघबारस. गुरं राखणारी पोरं घरोघर फिरून तांदूळ मागतात, रानात वाघदेवाच्या दगडाशी जमतात, तिथेच शिजवून खातात. त्यात एक पोर वाघ होतं आणि बाकीचे आरडाओरडा करत त्याला शिवेपार हाकलतात. म्हणजे मग वर्षभर वाघ गुरांकडे बघत नाही.

“आणि वाघ कोण होतं?” मी विचारलं.

“भाऊ व्हायचा. आता त्याला मिशा आल्या, तो बागंला जातो. आता मी.”

“मुली होतात वाघ?”

“नाय होत,” ती म्हणाली. “पण शेळ्या मी राखल्यात. मी बापाला सांगितलंय. तो म्हनला, ये तू, बघू कोन नाय म्हनतं ते.”

तिने हे मांजरपाटाच्या झबल्यात, दोन्ही हात आडवे पसरून, आईच्या टेपमध्ये अडकलेली असताना सांगितलं. गाईची पूजा करणारे आम्ही, आणि त्याच दिवशी वाघाला दटावणारी ही पोर. मला माझी उद्गारचिन्हं एकदम फिकी वाटली. आईने शिवणीत दोन बोटं माया ठेवायची असं ठरवलं, म्हणजे पुढच्या वर्षीही फ्रॉक होईल, आणि टेप गुंडाळला.

आता मंडळाचा नियम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पूर्वी एकदा कार्यक्रमाच्या दिवशी निम्मी पोरं गावाला गेलेली निघाली. बायका कपड्यांची पाकिटं घेऊन उभ्या आणि समोर पोरंच नाहीत. फोटोत बायका जास्त आणि मुलं कमी आली. अध्यक्षीणबाईंना ते फार लागलं. त्या सदनाच्या विश्वस्तांशी बोलल्या. वर्षाचं तेल आणि तांदूळ मंडळाच्या ओळखीने यायचं, त्यामुळे विश्वस्तांना लगेच पटलं. तेव्हापासून नियम झाला: दिवाळी भेटीचा कार्यक्रम झाल्याशिवाय कुठल्याही मुलाला सुट्टी नाही.

म्हणजे शाळेला सुट्टी सरकार देतं, सणाची तिथी पंचांगात असते, पण या पोरांची दिवाळी प्रमुख पाहुण्यांच्या डायरीत असायची.

त्या वर्षी कार्यक्रम वाघबारशीच्या बराच आधी ठरला होता. पण प्रमुख पाहुणे म्हणून नुकतेच निवडून आलेले एक पुढारी येणार होते, आणि त्यांना आयत्या वेळी एका पेट्रोलपंपाचं उद्घाटन आलं. कार्यक्रम गेला धनत्रयोदशीच्या संध्याकाळवर. मांडव तेवढा पैसे दिले होते म्हणून उभाच राहिला.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी सदनात पोचले तेव्हा फाटकाशी, कडुनिंबाखाली, एक माणूस बसला होता. टोपी, धोतर, पायात टायरच्या चपला, शेजारी कापडी पिशवी. सकाळी वणीहून आलेल्या गाडीने आला होता. तेवढ्यात एका भिशीचा कार्यक्रम होऊन गेला होता आणि त्या बायकांनी याला गरजू समजून त्याच्या हातात चिवड्याचा डबा ठेवून फोटो काढून घेतला होता. डबा त्याने न उघडता शेजारी ठेवला होता.

“कुणाकडे आलात, दादा?”

“पोरीला न्यायला आलो. उद्या वाघबारस हाय. म्याडम म्हनती परवानंतर या.” मग स्वतःच म्हणाला, “परवा आलो तं वाघबारस कुठं ऱ्हाती? पाडवा झाला का मुकादमाची गाडी येती, आमी बागंला. मंग तिला न्यायची कुठं? घरालाच कुलूप.”

मला एवढंच हवं होतं. मी तडक आत गेले.

अधीक्षक बाई टेबलाशी पणत्या रंगवत होत्या. पन्नाशीच्या, कायम थकलेल्या, डोक्याला बाम लावलेल्या. मी त्यांना बालहक्क, घटना आणि माणुसकी या क्रमाने सगळं ऐकवलं. त्यांनी मध्ये एकदा ब्रश धुतला.

“झालं?” त्या म्हणाल्या. “आता माझं ऐक. टाळकी मोजतात गं तुमच्या मंडळाच्या बाया. एक कमी भरलं की फोन विश्वस्तांना, विश्वस्तांचा मला. आज एकीला सोडलं तर संध्याकाळपर्यंत वणीचा मामा येईल, उद्या आणखी कुणी. मग त्या पुढाऱ्यासमोर मी आणि माझ्या पणत्या.”

“मग असू दे ना! त्याला कळू दे!”

“तुला कळतंय ना? मग तू दे मला वर्षाचं तेल.”

यावर माझ्याकडे पत्रक होतं, तेल नव्हतं. मी ऑफिसातूनच सायकलच्या दुकानात फोन लावला. थोड्या वेळात दाढीवाला आणि आणखी एक जण स्कूटरवरून हजर. बरोबर कॅमेरा, पुरावा गोळा करायला. आम्ही कडुनिंबाखाली बापाशेजारी बसलो आणि निवेदन लिहायला घेतलं. सुरगाणा तोवर फाटकाच्या आतल्या बाजूला गज धरून उभी होती. फाटक उघडंच होतं, पण ती बाहेर यायची नाही. तिला बाहेर यायचं नाही असं सांगितलं होतं.

“‘पिळवणूक’ लिहू या,” दाढीवाला म्हणाला.

“‘शोषण’ जास्त नेमकं आहे,” दुसरा.

“भेटवस्तूंच्या संदर्भात ‘शोषण’ कसं बसेल?”

“तेच तर दाखवायचंय ना!”

बापाने पिशवीतून नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला आणि आम्हाला अर्धी अर्धी दिली. आम्ही शोषणावर बोलत त्याची भाकरी खाल्ली. पोरीने गजांमधून विचारलं, “बा, गाडी कवा?”

“हाय अजून.”

“वणीची गाडी गेली तं पुढं जीप मिळंल का?”

“बघू.”

ती एकेक प्रश्न विचारत होती आणि प्रत्येक उत्तरानंतर गजावरची तिची मूठ आवळत होती. तिला बाकी काही नको होतं. उद्या दिवस मावळायच्या आत त्या दगडापाशी पोचायचं होतं. नाही पोचली, तर दुसरं कुणी पोर वाघ होणार होतं, आणि एकदा दुसऱ्याचा नंबर लागला की पुढच्या वर्षी तिचा कोण धरतंय?

तेवढ्यात दाढीवाल्याच्या डोक्यात कल्पना आली. त्याच्या कल्पना नेहमी उभ्याने यायच्या, तो उठून उभा राहिला. “निवेदनाने काही होत नाही. धनत्रयोदशीला पेपरवाले येणारच आहेत. आपण यांना स्टेजवर न्यायचं! त्या पुढाऱ्यासमोर बाप उभा राहील आणि विचारेल, माझ्या मुलीची दिवाळी कुणी अडवली? खलास! दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर.” मग बापाकडे वळून म्हणाला, “दादा, दोन दिवस राहायची सोय आम्ही करतो. काही काळजी करू नका.”

बापाने भाकरीचा शेवटचा तुकडा गिळला. आमच्याकडे पाहिलं.

“म्हंजे तुमचाबी कार्यक्रमच का?”

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. दाढीवाला दाढी खाजवत खाली बसला. निवेदनाचा कागद वाऱ्याने उडून पलीकडे गेला, तो उचलायलाही कुणी उठलं नाही.

याच वेळी लूनाचा आवाज आला. आई. हँडलला पिशवी, पिशवीत पिवळा फ्रॉक. खालची पट्टी टाचायची राहिली होती म्हणून एकदा अंगावर घालून बघायला आली होती. तिने आम्हाला पाहिलं, बापाला पाहिलं, गजामागच्या पोरीला पाहिलं.

“तू काय करतेयस इथे?” मला.

मी सांगितलं. या वेळी क्रम उलटा झाला, बालहक्क शेवटी आले. आईने ऐकून घेतलं, लूना स्टँडला लावली आणि आत गेली. मी मागोमाग.

“बाई, नियम काय आहे नेमका?” आईने अधीक्षक बाईंना विचारलं.

“तुम्हाला माहितीय ताई. कार्यक्रम झाल्याशिवाय मूल सोडायचं नाही.”

“कुठला कार्यक्रम?”

“दिवाळी भेटीचा.”

“कुणाचा?”

“तुमच्याच मंडळाचा की!”

“मग मी मंडळाची चिटणीस आहे, आणि हे माझ्या पाकिटाचं मूल आहे. कार्यक्रम आत्ता आहे.”

अधीक्षक बाईंचा ब्रश हवेतच राहिला. “आत्ता? अहो, प्रमुख पाहुणे?”

“आलेत. सकाळपासून फाटकाशी बसलेत. तुम्ही खुर्चीसुद्धा दिली नाही.”

मला वाटलं, आता बाई चिडणार. त्यांनी ब्रश खाली ठेवला, पदराने कपाळावरचा बाम पुसला आणि कडक आवाजात म्हणाल्या, “ताई, करायचा तर नीट करा. अर्धवट कार्यक्रमावर मी मूल सोडणार नाही. स्वागतगीत पाहिजे, हार पाहिजे, नारळ पाहिजे, फोटो पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे, कार्यक्रम झाला.” आणि मग आतल्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, “पेटी आणा गं!”

मांडव उभाच होता. झेंडूच्या माळा धनत्रयोदशीसाठी बादलीत भिजत पडल्या होत्या, त्यातली एक उचलली. मधल्या लाल खुर्चीवर बापाला बसवलं. तो आधी जमिनीवरच बसत होता. आई म्हणाली, “नाही दादा, प्रमुख पाहुणे खाली बसत नाहीत.” पेटीवालीने डोळे मिटले. पोरांनी स्वागतगीत सुरू केलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा पोरं समोरच्या माणसाकडे बघत गात होती, कारण तो माणूस घाबरला होता आणि ते फार मजेशीर दिसत होतं. अधीक्षक बाईंनी हार घातला. बापाने टोपी काढून पुन्हा घातली.

“आता प्रास्ताविक,” आई म्हणाली, आणि दाढीवाल्याकडे पाहिलं. “तुला बोलता येतं ना रे?”

दाढीवाला पुढे झाला, घसा साफ केला. “मित्रहो, आजच्या या विषम समाजव्यवस्थेत, जिथे एका बाजूला...”

“आभारी आहोत,” आई म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग भेट. आईने सुरगाणाला पुढे बोलावलं आणि फ्रॉक तिच्या झबल्यावरूनच चढवला. खालची पट्टी टाचलेली नव्हती, एका बाजूला टाचण्या लोंबत होत्या. आईने तिथेच गुडघ्यावर बसून त्या काढल्या. खिसा मात्र होता, पोटावर, कांगारूसारखा. तिने दोन्ही हात आत घालून पाहिले आणि मान हलवली. पास. आमच्या दुसऱ्या कार्यकर्त्याने शोषणाच्या पुराव्यासाठी आणलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढला.

“आता प्रमुख पाहुण्यांचं मनोगत,” अधीक्षक बाई म्हणाल्या. त्या काही सोडायला तयार नव्हत्या.

बाप उभा राहिला. हार सरळ केला. मांडवाकडे, पोरांकडे, आमच्याकडे पाहिलं.

“गाडी चुकंल,” तो म्हणाला आणि बसला.

त्या मांडवात नंतर मी बरीच भाषणं ऐकली, एवढ्या टाळ्या कुणालाच पडल्या नाहीत. दाढीवाल्याने स्कूटरला किक मारली. पुढे सुरगाणा उभी, मागे बाप, गळ्यात हार तसाच, मांडीवर पिशवी. चिवड्याचा डबा त्याने जाता जाता कॅम्पच्या हातात दिला. सीबीएसच्या एसटी स्टँडवर वणीची गाडी सुटता सुटता मिळाली, दाढीवाल्याने आडवी स्कूटर घालून थांबवली. समाजव्यवस्थेला त्याने घातलेला तो पहिला आणि माझ्या माहितीतला शेवटचा अडथळा.

इकडे मांडव रिकामा झाल्यावर वणी आईला म्हणाली, “काकू, माझा मामा आला का माझापन असाच करा.” कॅम्प मात्र त्या लाल खुर्चीवर जाऊन बसली आणि चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, लूनाची किल्ली हातात फिरवली, आणि मग तिच्याशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. दोघी बराच वेळ शेंगदाणे खात होत्या. मी बाहेर उभी राहून उडालेलं निवेदन शोधायचं नाटक करत होते.

धनत्रयोदशीला खरा कार्यक्रम झाला. पुढारी उशिरा आले, भाषणात बालसदनाला दोनदा वृद्धाश्रम म्हणाले आणि निघून गेले. अध्यक्षीणबाईंनी टाळकी मोजली. एक कमी. आईने शांतपणे सांगितलं, आमच्या मुलाचा कार्यक्रम आधीच झाला, फोटो आहे.

फोटो धुऊन आला तेव्हा अध्यक्षीणबाईंनी तो चष्मा लावून बघितला. “हे हार घातलेले गृहस्थ कोण?”

“सुरगाण्याचे पाहुणे,” आई म्हणाली. “द्राक्षाच्या क्षेत्रात आहेत.”

“अगंबाई! मग पुढच्या वर्षी देणगीचं बघा की त्यांच्याकडे.”

मी घरी आल्यावर आईला म्हटलं, खोटं बोललीस. ती म्हणाली, एक शब्द खोटा दाखव.

भाऊबीज झाल्यावर, पिंपळगावला जाता जाता मुकादमाची गाडी सदनाच्या फाटकाशी थांबली आणि सुरगाणा खाली उतरली. अधीक्षक बाईंनी आईला फोन केला, ताई, येऊन जा, तुमच्या मुलाने काय केलंय बघा. आम्ही गेलो. फ्रॉक अंगावरच होता. पिवळ्या साटिनवर पुढून मागून, बाह्यांपर्यंत, काजळी आणि तेल खलून ओढलेले काळे पट्टे. मागे झालरीच्या जागी दोरीची शेपटी टाचलेली. गुडघे सोललेले. आईने रात्र-रात्र बसून शिवलेल्या फ्रॉकचं पूर्ण वाटोळं.

“झालीस का वाघ?” आईने विचारलं.

“झाले. एक पोरगा म्हनला, पोरगी वाघ नसती. मंग त्यालाच आदी धरला.”

“आणि खिसा कशाला हवा होता?”

तिने आईकडे असं पाहिलं की एवढी मोठी बाई आणि एवढंही कळू नये. “वाघानं धरलेली शेळी ठिवायची कुठं?” खिशात हात घालून तिने गवताची वळलेली एक शेळी काढली. शिंगं बाभळीच्या काट्यांची. ती तिने आईच्या हातावर ठेवली, मग विचार बदलला आणि परत खिशात घातली.

त्याच संध्याकाळी अध्यक्षीणबाई कशाला तरी सदनात आल्या आणि फ्रॉक पाहून मटकन बसल्या. “एवढं चांगलं साटिन! या मुलांना काही द्यायची सोय नाही हो.” आई म्हणाली, “दिलंय ना? मग आता ते तिचं.” एवढं वाक्य माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून नव्हतं. मी पुढच्या पत्रकाचा मथळा म्हणून ते घेतलं, उद्गारचिन्हाशिवाय. प्रेसवाला म्हणाला, तब्येत बरी आहे ना?

पुढच्या वर्षी मंडळाच्या सभेत आईने कार्यक्रमाच्या तारखेचा विषय काढला. म्हणाली, पाहुणे मिळोत न मिळोत, वाघबारशीच्या आधी उरकायचा. एकजण म्हणाली, वाघबारस म्हणजे आपली वसुबारसच ना, मग गाईचं म्हणा, वाघाचं कशाला? बराच गोंधळ झाला. गाय की वाघ यावरच चहा थंड झाला. शेवटी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, बरं बाई, घ्या आधी, त्या द्राक्षवाल्यांना तेच सोयीचं असेल तर तेच सांगा.

गणपतीत आम्ही माप घ्यायला गेलो. सुरगाणा दोन बोटं वाढली होती, वर्षभर साठवलेली माया उसवून सोडली असती तर जुना फ्रॉक झाला असता, पण तो तिने मे महिन्याच्या सुट्टीत गावाला नेऊन ठेवला होता. आता तो दुसऱ्या पोराने घालायचा होता, कारण यंदा वाघाची पाळी त्याची.

“मग तू काय होणार?” आईने टेप लावत विचारलं.

“अस्वल.”

मेनरोडच्या दुकानदाराने दिवाळीसाठी काढून ठेवलेले सगळे चकाकते तागे आमच्यासमोर उलगडले. आईने ते बाजूला सारले.

“काळं दाखवा. अडीच मीटर.”

“ताई, दिवाळीला लहान मुलीसाठी काळं?” तो खरंच दुखावला होता. “सणासुदीचं कुणी काळं नेत नाही हो. हा आंबा कलर बघा. हा मोरपिशी बघा.”

आईने काउंटरवर पर्स ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“अस्वल मोरपिशी पाहिलंत का तुम्ही कधी?”